आधी मोसम, मग इमारत, शेवटी म्युझियम

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात आम्ही चौघं पाच दिवसांसाठी एका मोठ्या शहरात जातोय. मी, नवरा, 11 वर्षांचा मुलगा आणि 72 वर्षांच्या सासूबाई. मी बघायच्या ठिकाणांची यादी केली आणि ती 19 वर गेली. सात म्युझियम, प्रसिद्ध इमारती, एक उंच मनोरा, शिवाय त्या सुमारास तिथे फुलांचा बहर असतो आणि संध्याकाळी रोषणाई. जवळजवळची ठिकाणं एकेका दिवसात बसवली, पण जमत नाहीये. नवरा पुलांच्या बांधकामात आहे, तो म्हणतो, "फुटकी भांडी बघायला इतक्या लांब कशाला?" मुलाला फक्त मनोऱ्यावर चढायचंय. सासूबाईंना अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहवत नाही, पण त्या बोलून दाखवत नाहीत. मला स्वतःला गाजलेली चित्रं डोळ्यांनी बघायचीत. काय गाळू? आणि सगळ्या ठिकाणांचा मिळून जो पास मिळतो, तो घेऊ का?
— यादीत अडकलेली

उत्तर : शहराचं नाव तुम्ही कळवलंत, पण मी ते इथे गाळलंय. अशाच याद्या घेऊन निरनिराळ्या शहरांना निघालेल्या बऱ्याच जणांची पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांनाही हे उत्तर चालावं.

तुमची यादी चांगली आहे. फक्त ती नकाशा समोर ठेवून केलीय. मोठ्या शहरात अंतराचं काम रेल्वे आणि बस करतात, तिथे घोटाळा होतो तो वेळेचा. फुलं तारखेवर फुलतात, इमारती उन्हावर खुलतात आणि म्युझियम वारावर चालतात. तुम्ही या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी शेजारीशेजारी बसवल्यात, म्हणून त्या एकमेकींच्या पायात येताहेत. यादी मोडा आणि पुन्हा मांडा. आधी मोसमाचं, मग इमारतींचं आणि उरलेल्या जागेत म्युझियम. बहुतेक लोक हे नेमकं उलटं करतात, कारण म्युझियमचं तिकीट आधी काढता येतं आणि फुलांचं काढता येत नाही.

मोसमाचं घ्या. टोकियोतल्या चेरीच्या बहराबद्दल तुम्ही ऐकलं असेल. तिथलं हवामान खातं यासुकुनी मंदिराच्या आवारातल्या एका ठरावीक झाडाकडे बघतं. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं आणि 80 टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. त्यानंतर साधारण आठवडाभर, मधे वारा-पाऊस आला तर त्याहून कमी. विमानाचं तिकीट सहा महिने आधी काढणाऱ्याला हे गणित जमणं कठीण, म्हणून बहरासाठी एकच दिवस धरून बसू नका. पाचही दिवसांतल्या सकाळी थोड्या सैल ठेवा आणि पोचल्यावर तिथल्या रोजच्या बातम्या बघून ठरवा. ज्या दिवशी आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी बाकी सगळं बाजूला सारायचं. म्युझियम दुसऱ्या दिवशी तिथेच असेल.

मोसमाचा दुसरा प्रकार दारं उघडण्याचा. वर्षभर कडीकुलपात असलेल्या जागा ठरावीक दिवसांतच उघडतात. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याची शाही दालनं 1993 पासून मुख्यतः उन्हाळ्यात लोकांना बघता येतात. आदल्या वर्षी विंडसरच्या किल्ल्याला आग लागली होती, तिच्या दुरुस्तीला पैसा हवा होता, त्यातून ही प्रथा सुरू झाली. फ्रान्समध्ये 1984 पासून सप्टेंबरातल्या एका शनिवार-रविवारी वारसास्थळांची दारं उघडतात, त्यात थेट राष्ट्राध्यक्षांचा राजवाडासुद्धा असतो. लंडनमध्ये 1992 पासून असाच उपक्रम सप्टेंबरात होतो, त्यात खासगी घरं आणि कचेऱ्याही बघता येतात. तुमच्या तारखांना तिथे असं काही आहे का, हे आधी शोधा. असेल तर यादीतलं कुठलंही म्युझियम त्यापुढे मागे पडलं तरी चालेल.

रोषणाईबद्दल एवढंच, की पहिला दिवस आणि शनिवार-रविवार टाळा, आणि काळोख पडायची वाट बघू नका. सूर्य मावळल्यावर आकाश गडद निळं असतं तो जेमतेम अर्धा तास खरा. तेव्हा दिवेही दिसतात आणि इमारतींच्या कडाही. नंतर नुसते ठिपके उरतात.

आता इमारती, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या घरातला विरोधी पक्ष इथेच फुटेल.

इमारतीला स्वतःची वेळ असते आणि ती तिकिटावर छापलेली नसते. बार्सिलोनातलं साग्रादा फामिलिया हे चर्च बघा. 1882 मध्ये काम सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते वास्तुरचनाकार गाउदीकडे आलं आणि 1926 मध्ये तो गेला तेव्हा बरंचसं बांधायचं बाकी होतं. आतले खांब वर जाऊन झाडासारखे फांद्यांत फुटतात. पण लोक वेळ चुकवतात ती काचांची. सकाळचं ऊन येतं त्या बाजूला निळ्या-हिरव्या काचा आहेत आणि मावळतीच्या बाजूला लाल-केशरी. म्हणजे सकाळी नऊला गेलेला माणूस आणि संध्याकाळी पाचला गेलेला माणूस एकाच तिकिटात दोन वेगळी देवळं बघून येतात. दुपारी बाराला गेलेल्याला दोन्हीतलं थोडं थोडं मिळतं आणि गर्दी मात्र पूर्ण.

रोमच्या पॅंथिऑन या प्राचीन देवळात तर ऊन हीच मुख्य वस्तू आहे. सम्राट हेड्रियनच्या काळात, दुसऱ्या शतकात बांधलेला हा घुमट, व्यास 43.3 मीटर, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. माथ्यावर आठ-नऊ मीटरचं गोल भोक, त्याला काच नाही. उन्हाचा गोळा दिवसभर भिंतीवरून सरकत राहतो. पाऊस आला तर थेट आत पडतो, त्यासाठी फरशीला हलका उतार आणि पाणी जायला भोकं आहेत. हे यजमानांना सांगा आणि पुढे फक्त एवढं जोडा की हा काँक्रीटचा घुमट आहे आणि त्यात लोखंडी सळई नाही. लोखंड न घातलेला याहून मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही नाही. वर जाताना भिंतीची जाडी कमी होत जाते आणि काँक्रीटमधला दगडही हलका होत जातो, शेवटी तर सच्छिद्र ज्वालामुखी खडक वापरलाय. फुटक्या भांड्यांना नावं ठेवणारा माणूस इथून लवकर हलणार नाही.

तुमच्या शहरात पॅंथिऑन नसेल, पण प्रत्येक मोठ्या शहरात अशी एखादी इमारत असतेच, जिच्याकडे यजमानांना तीन प्रश्न घेऊन उभं करता येईल. वजन कुठून खाली येतं? याच जागी का बांधली? आधी ही कशासाठी होती? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं विशेष रंगतात. पॅरिसचं ओर्से म्युझियम हे 1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं रेल्वे स्टेशन. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडले, स्टेशन मागे पडलं आणि 1986 मध्ये तिथे चित्रं आली. लंडनचं टेट मॉडर्न हे वीजघर होतं. 2000 मध्ये ते म्युझियम म्हणून उघडलं आणि जिथे जनित्रं होती ती अजस्र जागा तशीच मोकळी ठेवलीय. अशा ठिकाणी तुम्ही चित्रं बघा, यजमान छत बघतील. एका तिकिटात दोघांचं होतं आणि कुणी कुणासाठी तिष्ठत बसत नाही.

इमारत बघायची रीतही कधी कधी तिच्या रचनेतच असते. न्यूयॉर्कचं गुगेनहाइम म्युझियम वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटने असं योजलं होतं की लिफ्टने थेट वर जायचं आणि गोल उतारावरून चित्रं बघत खाली यायचं. उतरणं पायांना सोपं. सासूबाईंसाठी हे तत्त्व कुठेही लावा. लिफ्टने सर्वांत वरचा मजला गाठा आणि खाली येत जा. शिवाय बहुसंख्य लोक दारातून आत आले की तळमजल्यावरच घुटमळतात, त्यामुळे सकाळच्या पहिल्या तासात वरची दालनं मोकळी मिळतात.

मुलाच्या मनोऱ्याला माझा विरोध नाही, पण एक गोष्ट त्याला आधीच सांगा. ज्या मनोऱ्यावर चढतो, तो तेवढा वरून दिसत नाही. आयफेल टॉवरवरून पॅरिस दिसतं आणि पॅरिसची खूण तेवढी गायब असते. न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेटवर चढण्यापेक्षा रॉकफेलर सेंटरच्या गच्चीवर गेलेलं मला बरं वाटतं, कारण तिथून एम्पायर स्टेट समोर उभी दिसते. तेव्हा शहरातला दुसऱ्या क्रमांकाचा मनोरा शोधा. सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घ्या, म्हणजे उजेडातलं शहर आणि दिव्यांतलं शहर दोन्ही एका फेरीत होतील. हीच वेळ सगळ्यांना हवी असते, त्यामुळे आगाऊ बुकिंग करायचं ते याचंच करा.

आणि ज्यांना तिकीट नाही अशा इमारतींना यादीत जागा द्या. जुनी रेल्वे स्टेशनं, टपाल कचेऱ्या, ग्रंथालयं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या छतावर सोनेरी नक्षत्रं रंगवलीत, आणि ती उलटी आहेत, पूर्व-पश्चिम अदलाबदल झालेली. 1990 च्या दशकात हे छत धुतलं, तेव्हा काजळी किती होती हे कळावं म्हणून एका कोपऱ्यात एक काळा चौकोन मुद्दाम तसाच ठेवला. 11 वर्षांच्या मुलाला "तो चौकोन शोध" म्हणा आणि वीस मिनिटं निवांत बसा.

मोसम आणि इमारती या दोन्हींची गाठ एखाद्या संध्याकाळी पडते, तीही बघून ठेवा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातले रस्ते 1811 च्या आराखड्याने सरळ चौकटीत आखलेले आहेत, पण ती चौकट नेमक्या पूर्व-पश्चिमेला नाही, जराशी तिरकी आहे. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला काही संध्याकाळी मावळता सूर्य बरोबर रस्त्याच्या टोकाला, दोन्हीकडच्या इमारतींच्या मधोमध येतो. याला ना तिकीट ना दार. तारीख तेवढी ठाऊक हवी.

उरली म्युझियम. सातातली पाच गाळा. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण कारण ऐका.

म्युझियममध्ये माणूस थकतो तो चालून कमी आणि थांबत-वाकत-वाचत जास्त. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच यावर लेख लिहिला होता, सोबत छायाचित्रं देऊन. कपाटातली वस्तू नीट बघायची आणि चिठ्ठी वाचायची तर भल्या माणसाला किती वाकावं आणि वळावं लागतं, ते त्यात दिसतं. पुढे 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोक गाजलेल्या चित्रांसमोर किती वेळ थांबतात हे त्यात मोजलं होतं. सरासरी 27 सेकंद. त्यातल्या निम्म्या वेळा तर 17 सेकंदांहूनही कमी, आणि त्यात शेजारची चिठ्ठी वाचणंही आलं. दिवसाला दोन म्युझियम करणारे आपण असे 17 सेकंदांचे हप्ते भरत फिरतो आणि संध्याकाळी पाय चोळत बसतो.

पूर्ण म्युझियम बघणं ही गोष्टच मुळात नसते. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात सुमारे 80 लाख वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या 80 हजारांच्या आसपास. पॅरिसच्या लूव्हर म्युझियममध्ये 35 हजारांच्या घरात. तेव्हा अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही, सगळं कुणीच बघत नाही, तिथे नोकरी करणारेही नाही. एका म्युझियमला दोन दालनं आणि दोन तास. दालनं घरूनच निवडा, संकेतस्थळावर प्रत्येकाचा नकाशा असतो. दोनांतलं एक तुमचं, एक मुलाचं.

मुलाचं निवडताना त्याला शोधायला काहीतरी द्या. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाची 1881 ची इमारत बाहेरून-आतून भाजक्या मातीच्या प्राण्यांनी मढवलीय, आणि त्यात एक मेख आहे. पश्चिमेच्या बाजूला आज जिवंत असलेले प्राणी आहेत, पूर्वेच्या बाजूला नामशेष झालेले. हे माहीत असलेला मुलगा भिंतीच वाचत सुटतो, कपाटांपर्यंत पोचायलाही त्याला वेळ लागतो.

तुमच्या गाजलेल्या चित्रांबद्दल. एखादंच चित्र बघायला जाणार असाल तर अपेक्षा आधी मोजपट्टीने तपासा. लूव्हरमधली मोनालिसा 77 सेंटीमीटर उंच आणि 53 सेंटीमीटर रुंद आहे, काचेआड आणि गर्दीपलीकडे. त्याच दालनात, बरोबर समोरच्या भिंतीवर, चित्रकार वेरोनेझेचं, बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं चित्र आहे, जवळजवळ 10 मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच. शेकडो माणसं त्याच्याकडे पाठ करून फोन उंचावत असतात. मोनालिसा बघू नका असं मी म्हणत नाही, बघाच. मग मागे वळा. प्रत्येक गाजलेल्या चित्राच्या समोरची भिंत बघायची, एवढा नेम केलात तरी तुमची सहल शेजाऱ्यांच्या सहलीपेक्षा वेगळी होईल.

वार मात्र नीट बघा. लूव्हर मंगळवारी बंद असतं, ओर्से सोमवारी. साहजिकच सोमवारची गर्दी एकीकडे वळते आणि मंगळवारची दुसरीकडे. तुमच्या शहरातही मोठ्या म्युझियमच्या सुट्ट्या अशाच वाटलेल्या असतील, तर शेजारचं बंद असेल त्या दिवशी उघडं असलेलं टाळा. फुकट प्रवेशाचा दिवसही टाळा, त्यात वाचलेले पैसे रांगेत फिटतात. आठवड्यातून एखाद्या दिवशी बरीच म्युझियम रात्रीपर्यंत उघडी असतात आणि ती संध्याकाळ सोन्याची, सहलीच्या बसगाड्या तोवर निघून गेलेल्या असतात. बंद व्हायच्या वेळेच्या बरंच आधी प्रवेश थांबतो आणि दालनं रिकामी करायला लागतात, हे धरून चला. आणि दुरुस्ती! पॅरिसचं पाँपिदू सेंटर हे कलासंग्रहालय, तेच ते, निळे पाइप हवेचे, हिरवे पाण्याचे, पिवळे विजेचे असं सगळं पोट बाहेर काढून उभं असलेलं, 2025 मध्ये काही वर्षांच्या दुरुस्तीसाठी बंद झालं. बर्लिनचं पर्गामोन म्युझियमही 2023 मध्ये असंच बंद झालं. जुन्या प्रवासवर्णनावर विसंबून गेलेले लोक बंद दाराचे फोटो काढून परततात. वार, वेळ आणि काय बंद आहे हे त्या त्या ठिकाणच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, निघायच्या आदल्या आठवड्यात बघा.

सासूबाईंचं तुम्ही शेवटी आणि थोडक्यात लिहिलंत, पण पाचही दिवस त्यांच्या गुडघ्यांवर ठरणार आहेत. मोठ्या म्युझियममध्ये चाकांची खुर्ची फुकट मिळते, काही ठिकाणी घडीचं हलकं स्टूलही. त्यांना "खुर्ची घेऊया का?" असं विचारू नका, त्या नको म्हणतील. खुर्ची घेऊनच या आणि म्हणा, "आई, बॅगा ठेवायला घेतलीय." अर्ध्या तासाने त्या आपणहून बसतील. एकदा बसल्या की बऱ्याच जागी तुम्हा सगळ्यांनाच लिफ्टच्या जवळच्या दारातून आत सोडतील. शहर बघायचा त्यांचा सर्वांत चांगला मार्ग पाण्यावरचा. शिकागोत तर इमारती दाखवणाऱ्या बोटींच्या फेऱ्या प्रसिद्धच आहेत, नदीच्या दोन्ही काठांना शंभर-सव्वाशे वर्षांचं बांधकाम ओळीने उभं आहे आणि बोटीत माहिती सांगायला माणूस असतो. तुमच्या शहराला नदी किंवा बंदर असेल तर पहिल्याच दिवशी ही फेरी घ्या. प्रवासाचा शीण असतो, बसून होतं आणि उरलेल्या चार दिवसांत कुठली इमारत जवळून बघायची ते चौघांनाही कळतं.

आता पास. तुम्हाला नको. पास परवडतो तो दिवसाला तीन-चार ठिकाणं उरकणाऱ्याला, आणि मी तर तुमच्या यादीतली पाच म्युझियम गाळलीत. त्यात तिकीट नसलेल्या इमारती आल्या, फुलं आली, रस्त्यावरची रोषणाई आली, या कशालाच पास लागत नाही. पास हातात आला की तो वसूल करायची घाई सुटते आणि ज्या सकाळी बहर बघायला जायला हवं त्या सकाळी तुम्ही कुठल्यातरी मेणाच्या पुतळ्यांपुढे उभ्या असाल. शिवाय पास असला तरी गर्दीच्या ठिकाणी वेळेचं आरक्षण वेगळं करावंच लागतं. मिलानमध्ये लिओनार्डोच्या 'अखेरचं भोजन' या भिंतीवरच्या चित्रासमोर तर मोजकीच माणसं एका वेळी आत सोडतात आणि 15 मिनिटांनी बाहेर काढतात. तिथे आयत्या वेळी काही जमत नाही. तुमच्या यादीत अशी कडक वेळेची दोन ठिकाणं मला दिसताहेत, मनोरा आणि एक चित्रदालन. त्या दोघांची सुटी तिकिटं आजच काढा, दोन वेगळ्या दिवसांची, आणि दोन्ही दुपारनंतरची, म्हणजे सकाळ फुलांना मोकळी राहील. खुर्चीसाठी आधी कळवावं लागतं का, हेही त्याच पानावर बघून घ्या.